पडद्याखालच्या ओळी

सोमवार, ३ मार्च

नोकरी लागली. ही वही खरं तर ह्यांच्यासाठी आणली होती. ह्यांना बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, रोज टिपत जा, आज डोळा हलला, आज बोट हललं. सात महिन्यांत टिपण्यासारखं काही घडलंच नाही, वही कोरी राहिली. मग म्हटलं, आपलंच टिपावं. माझं बोट तरी हलतंय.

ज्या रुग्णालयात हे दुसऱ्या मजल्यावर पडून आहेत, त्याच्याच तळमजल्यावर, नोंदींच्या खोलीत मला घेतलंय. सहा महिन्यांचं काम आहे. दोन बस बदलून रोज यायचंच होतं, आता येण्याला काही अर्थ तरी आहे. दुपारच्या सुट्टीत वर जाऊन ह्यांना भरवायचं, परत खाली. लेक म्हणाली, आई, तू आज किती दिवसांनी केस नीट विंचरलेस. खरं होतं ते.

खोली लांबट आहे. एका भिंतीला लोखंडी कपाटं, दुसरीकडे मोठी खिडकी, बाहेर सायकली लावायची जागा. माझी खुर्ची गोल फिरते. मोठ्या बाई, म्हणजे इथल्या प्रमुख, पाठमोऱ्या बसतात. बावीस वर्षं त्या इथे आहेत आणि चष्म्याच्या वरून बघतात. बोलतात कमी, पण पहिल्याच तासाला माझ्यासमोर चहाचा कप आणून ठेवला.

काम सोपं आहे, फक्त संपत नाही. रुग्णांच्या रोजच्या नोंदी जुन्या संगणकप्रणालीत आहेत, त्या नव्यात न्यायच्या. माझ्या पडद्यावर दोन खिडक्या उघड्या असतात. एक काळी, जुनी, टर्मिनल म्हणतात तिला. तिच्यात नुसती हिरवी अक्षरं, चित्र नाही, बटण नाही. दुसरी पांढरी, नवी, तिच्यात रकाने आणि चौकोन. काळीतून उचलायचं, पांढरीत ठेवायचं. काळीत मराठी नीट दिसत नाही, काने आणि वेलांट्या अक्षरांपासून सुटून लांब पडलेल्या असतात. पांढरीत आलं की सगळी अक्षरं पुन्हा एकमेकांना धरून उभी राहतात. ते बघायला बरं वाटतं.

संगणकांची देखभाल करणाऱ्यांना इथे सगळे वायरमामा म्हणतात. त्यांनी शिकवलं. पांढऱ्या खिडकीत कंट्रोल-सी दाबलं की कॉपी होतं, हे मला ठाऊक होतं. पण काळ्या खिडकीत तेच दाबायचं नाही. तिथे त्याचा अर्थ होतो, थांब. जे चाललंय ते तिथल्या तिथे बंद. तिथे माऊसने मजकुरावरून हात फिरवला की झालं, मजकूर उचलला गेला. मग दुसरीकडे जाऊन माऊसचं चाक दाबलं की पडला. मामा म्हणाले, ताई, सासर आणि माहेर समजा. शब्द एकच, पण इथे बोललात तर कौतुक आणि तिथे बोललात तर भांडण. मी खूप दिवसांनी हसले.

अजून एक. अकरा वर्षांपूर्वीच्या एका वर्षाच्या फाइली मोठ्या बाई स्वतः करणार आहेत. त्या मी उघडायच्या नाहीत. मी म्हटलं, तेवढंच माझं काम कमी.

बुधवार, ५ मार्च

दिवसाला चाळीस रुग्ण होतात. मान भरून येते.

आज एक चूक झाली. उचललेला मजकूर आणि कॉपी केलेला मजकूर हे दोन वेगळे कप्पे आहेत, हे डोक्यातून निसटलं. बावीस नंबरच्या खाटेच्या रकान्यात चाक दाबलं आणि नऊ नंबरची ओळ पडली. "डावा हात हलवतो." सेव्हही करून बसले. सेव्ह केलेलं पुसता येत नाही, खाली दुरुस्तीची टीप फक्त लिहिता येते. नोंदी म्हणजे कायद्याचा कागद, म्हणून.

मोठ्या बाईंना सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं. त्या खुर्ची फिरवून माझ्याकडे वळल्या आणि कुठली ओळ, कुणाची, कुणाला, एवढंच विचारलं. मग म्हणाल्या, जपून करत जा गं.

दुपारी वर गेले तर ह्यांच्याच वॉर्डात गडबड. बावीस नंबरचे आजोबा दोन वर्षांत पहिल्यांदा डावा हात उचलून पंख्याकडे दाखवत होते. सिस्टर हसत होत्या, रडतही होत्या. मला आनंद झाला. मग ती ओळ आठवली. योगायोग म्हणायचा, दुसरं काय. ह्यांना सूप भरवलं. अर्धं हनुवटीवरून खाली आलं.

सोमवार, १० मार्च

आज फार थकवा आहे. काल रविवारी घरची सगळी कामं, आज पाच वाजता उठून डबे, दोन बस.

अकरा चाळीसला एकतीस नंबरच्या आजींची फाइल काळ्या खिडकीत उघडी होती. माझं लक्ष कुठे होतं देव जाणे. सवयीने बोटं गेली आणि कंट्रोल-सी दाबलं. पडद्यावर टोपीसारखी एक खूण उमटली, तिच्यापुढे सी, आणि फाइल मिटली. बास. वायरमामा शेजारच्या टेबलाखाली वायरी सोडवत होते, ते म्हणाले, होतं ताई असं, रोज कुणी ना कुणी दाबतंच, पुन्हा उघडा.

दुपारी वर गेले तर आजींच्या खाटेभोवती पडदा ओढलेला. सिस्टर म्हणाल्या, काहीच त्रास नव्हता, चहा प्यायल्या, बोलता बोलता वाक्य अर्ध्यातच थांबलं. किती वाजता, मी विचारलं. पावणेबाराला पाच कमी असतील, त्या म्हणाल्या.

ह्यांना भरवताना सूप चादरीवर सांडलं. त्यांना कळलं नाही. त्यांना काहीच कळत नाही.

बुधवार, १२ मार्च

दोन दिवस तेच डोक्यात होतं. आज ठरवून केलं. खोटं असेल तर मनातला किडा जाईल, म्हणून केलं.

चाळीस नंबरचा माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत ओरडतो, त्याचा आवाज खाली आमच्या खोलीत येतो. सहा नंबरच्या नोंदीतली एक ओळ उचलली, "शांत झोप लागली", आणि चाळीसच्या रकान्यात ठेवली. सेव्ह केलं आणि कान देऊन बसले.

तो ओरडायचा थांबला. मोठ्या बाईंनी मान वर केली, छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी कागद चाळत राहिले.

सुट्टीत वर जाऊन पाहिलं. एक हात गालाखाली घेऊन झोपला होता, लहान मुलासारखा. त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती, तिलाही डुलकी लागली होती.

तेव्हापासून एकच विचार आहे. तो इथे लिहीत नाही.

शुक्रवार, १४ मार्च

मोठ्या बाई दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. मी त्यांच्या वर्षाच्या फाइली उघडल्या.

सगळीकडे शोधून झालं होतं. जिवंत रुग्णांत ह्यांच्यासारखा कुणी बरा झालेलाच नाही, उचलायचं कुणाकडून? त्या वर्षात मात्र एक सापडला. खाट चौदा. उंचावरून पडला, डोक्याला मार, आठ महिने डोळे उघडे पण ओळख नाही. अगदी ह्यांचंच वर्णन. आणि मग तारखा थांबतात आणि नुसते दिवस सुरू होतात. दिवस पहिला, नजर स्थिर. दिवस दुसरा, आवाजाकडे मान वळवतो. दिवस चौथा, पाणी मागितले. दिवस सहावा, पत्नीस साळू म्हणून हाक मारतो. दिवस सातवा, वॉर्डातले बंद घड्याळ मागून घेतले, उघडून दुरुस्त केले. दिवस आठवा, आधाराविना चालतो. दिवस नववा, चालत घरी गेला.

घड्याळजी असणार बिचारा. पाच वेळा वाचलं. सुटे काने, सुट्या वेलांट्या, तरी वाचलं.

काही केलं नाही. कॉपी केलं तर मूळ तिथेच राहतं, कुणाचं काही जात नाही. बावीसच्या आजोबांना हात मिळाला म्हणून नऊ नंबरचा गेला नाही, मी जाऊन पाहून आले. तरीही काही केलं नाही. फाइल मिटली.

घरी गेल्यावर लेकीने विचारलं, आज बाबांनी काही केलं का. रोज विचारते. मी रोज नाही म्हणते. आज नुसती मान हलवली.

सोमवार, १७ मार्च

केलं.

मोठ्या बाई साडेदहाला साहेबांकडे बैठकीला गेल्या. मी खाट चौदा उघडली, दिवस पहिल्यावर माऊस टेकवला आणि खाली ओढत नेला. हात जड झाला होता, जरा जास्तच खाली गेला. कर्सर खिडकीच्या कडेला टेकला तसा पडदा सरसर वर सरकू लागला. रिकाम्या ओळी, नुसत्या रिकाम्या ओळी. मी माऊस सोडला. मग पांढऱ्या खिडकीत ह्यांचं पान, नोंदीचा चौकोन, चाक. चौकोन एवढासा आहे, तीन ओळी दिसतात. पहिल्या तीन बरोबर होत्या. सेव्ह.

दुपारी वर गेले. चमचा तोंडाजवळ नेला आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आजवर ते माझ्या दिशेला बघायचे. आज माझ्याकडे पाहिलं.

मी संडासात जाऊन रडले.

गुरुवार, २० मार्च

दिवस चौथा. पाणी म्हणाले.

मोठे डॉक्टर स्वतः येऊन गेले, बरोबर चार जण. बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, वही लिहिताय ना? मी म्हटलं, लिहिते.

आवाज जरा घोगरा आहे. सात महिने वापरला नाही तर काय होणार.

शनिवार, २२ मार्च

लेकीला घेऊन गेले होते. तिने त्यांच्यासाठी सात महिने भरत आणलेला रुमाल त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट केला, उशीखाली ठेवला आणि मला म्हणाले, साळू, ही मुलगी कुणाची?

लेक हसली. तिला वाटलं बाबा चेष्टा करतात, पूर्वी करायचे तशी. मीही हसले. येईल हळूहळू ओळख, म्हटलं तिला. साळू ही हाक मी नोंदीत वाचली होती, आली ती. घड्याळजीच्या बायकोचं लाडकं नाव साळू होतं. ओळी उसन्या आणल्या तर थोडं असं होणारच. चालेल. साळू तर साळू. हाक तर मारतात.

सोमवार, २४ मार्च

काल वॉर्डात घड्याळ नव्हतं तर सिस्टरांच्या मनगटावरचं मागून घेतलं. माझ्या केसातली पिन घेतली. घड्याळ डाव्या डोळ्याला अगदी चिकटवून, उजवा मिटून, तासभर काम केलं. पाच मिनिटं मागे पडायचं, ते आता बरोबर चालतं. सिस्टर म्हणाल्या, तुमचे मिस्टर घड्याळाचं काम करायचे का?

ह्यांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. पाटी रंगवतानाच शिडीवरून पडले. हातभर लांबीचं अक्षर एका दमात काढायचे. बारीक काम म्हटलं की चिडायचे, सुईत दोरा मी ओवायची.

आज चालले. उद्या घरी.

बुधवार, २६ मार्च

घरी आणलं काल. शेजारच्या मावशी बघायला आल्या. त्यांच्याशी नीट बोलले, या बसा केलं, पण ते मला कुणीतरी शिकवल्यासारखं वाटलं.

आज कामावरून परत आले तर भिंतीवरचं घड्याळ, लेकीचं घड्याळ, माझं, गजराचं, सगळी उघडून टेबलावर मांडलेली. चाकं ओळीने लावलेली. लेक तिच्या खोलीत दार लावून बसली होती. म्हणाली, बाबा दिवसभर एक शब्द बोलले नाहीत, फक्त मी दारासमोरून गेले की काम थांबवतात आणि मी जाईपर्यंत बघत राहतात.

त्यांनी रंगवलेली पाटी आहे आमच्या दारावर. आज त्यांना म्हटलं, वाचा ना. त्यांनी पाटीवरून बोट फिरवलं. म्हणाले, सुबक आहे, कुणी केलं?

मला झोप हवी आहे. बाकी काही नको. सात महिने वाटलं, हे बोलले की मी झोपेन.

शुक्रवार, २८ मार्च

कामावर ह्यांचं पान उघडलं. सहज. दिवस बारावा आहे आज, नोंद तर नवव्या दिवशी संपली, मग पुढे काय लिहायचं म्हणून.

चौकोनाच्या कडेची पट्टी खाली ओढली. रिकाम्या ओळी. अजून ओढली. रिकाम्या. आणि मग मजकूर.

जो मी वाचला नव्हता. जो पडद्याच्या खाली होता. तोही उचलला गेला होता.

इथे उतरवते. हाताने.

"पुन्हा दाखल. सांगणारी: रुग्णाची बहीण, याच रुग्णालयात नोकरीस. घरी नेल्यापासून रुग्ण घड्याळे उघडत असे. रुग्ण व्यवसायाने शिक्षक. घड्याळाचे काम यापूर्वी कधीही केले नसल्याचे बहीण सांगते. मुलास ओळखत नाही. पत्नीस साळू म्हणतो. या नावाचे कुटुंबात कोणीही नाही. दिवस चौदावा, दुपारी चार वाजता, पत्नीस तू साळू नाहीस असे म्हणाला. पत्नी मृत. गळा आवळल्याच्या खुणा. रुग्ण शेजारी बसून घड्याळ दुरुस्त करत होता. शांत."

तो घड्याळजी नव्हता. भूमिती शिकवणारा की भाषा, कुणास ठाऊक, मास्तर होता. घड्याळं त्याच्यातही कुठून तरी आलेली. साळू त्याचीही नव्हती.

चौदावा म्हणजे रविवार.

मोठ्या बाई माझ्या मागे उभ्या होत्या. कधीपासून, ठाऊक नाही.

शनिवार, २९ मार्च

सकाळी लेकीला माझ्या बहिणीकडे पाठवलं. का म्हणून विचारलं तिने. अभ्यास होत नाही इथे तुझा, म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि दप्तरात दोन दिवसांचे नाही, आठ दिवसांचे कपडे भरले. जाताना बाबांना हात केला. त्यांनी केला नाही.

अर्धा दिवस काम. मोठ्या बाईंनी दार लावून घेतलं आणि बोलल्या. बावीस वर्षांचं एकदम बोलल्या.

तो त्यांचा धाकटा भाऊ. आठ महिने तिथेच, वर, त्याला भरवलं त्यांनी. तेव्हा त्या जाड जुन्या वह्यांतून काळ्या खिडकीत नोंदी टंकत होत्या. एका वहीत हे दिवस सापडले. त्या वहीतही ते दुसऱ्याच शाईत होते, कुठल्या तरी अजून जुन्या कागदावरून कुणीतरी उतरवलेले. कुणासाठी, ते लिहिलेलं नव्हतं. त्यांनी ते भावाच्या नावाखाली टंकले. फक्त दिवस नवव्यापर्यंतच टंकले, वहीत तेवढेच होते. वहीचं पुढचं पान कुणीतरी फाडलेलं होतं. त्यांना वाटलं, जीर्ण आहे, फाटलं असेल.

भावजय रोज त्याला म्हणायची, अहो, मी साळू नाही. रोज समजावायची. चौदाव्या दिवशीही तेच समजावत होती.

मी विचारलं, मग भावाचं काय झालं. त्या काळ्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, मी थांबवलं. त्याची फाइल उघडून कंट्रोल-सी दाबलं. एक दिवस उशिरा दाबलं गं मी. तू उशीर करू नकोस.

पुसता येणार नाही का? नाही. दुरुस्तीची टीप? बावीसच्या खाली मी लिहिली होती, त्यांचा हात अजून हलतो आहे. दुसऱ्या कुणाचे पुढचे दिवस आणून जोडले तर? त्या म्हणाल्या, आणि ते कुणाचे असतील, ते तुला ठाऊक आहे?

मग त्यांनीच ह्यांची फाइल काळ्या खिडकीत उघडून दिली. आणि बाजूला झाल्या.

दोन बोटं दोन कळांवर ठेवली. अर्धा तास ठेवली असतील. वर पहिली ओळ होती, सात महिन्यांपूर्वीची. रुग्ण पाट्या रंगवतो. शिडीवरून पडला. सोबत पत्नी. काने सुटलेले, वेलांट्या सुटलेल्या, तरी वाचता येत होतं.

नाही दाबलं.

मोठ्या बाईंनी दार उघडलं. माझी पर्स आणून माझ्या हातात दिली.

रविवार, ३० मार्च, सकाळ

त्यांनी चहा केला. मला आणून दिला. लग्नाला अठरा वर्षं झाली, ह्यांनी कधी चहा केला नव्हता. चांगला होता.

निघून जाता येईल. चप्पल दारातच आहे. पण मी गेले तर हे मला शोधायला निघतील. लेकीचा पत्ता ह्यांना माहीत नाही, पण बहिणीचा फोन नंबर भिंतीवर लिहिलेला आहे, ह्यांच्याच अक्षरात. पुसला मी आता. तरी.

आणि खरं सांगायचं तर पाय उचलत नाही. सात महिने नुसती धावतेय.

एक विचार केलाय. ती रोज नाही म्हणत होती. मी साळू नाही, मी साळू नाही. मी म्हणणार नाही. हाक मारतील त्याला ओ देईन. जे विचारतील त्याला हो म्हणेन. चार वाजून जाऊ देत. पंधरावा दिवस कुठे लिहिलेलाच नाही, तो आमचा.

दुपार, अडीच

जेवले. साळू, मीठ दे, म्हणाले. दिलं.
साळू, इकडे ये. गेले.
साळू, हसतेस का अशी. मी म्हटलं, तुम्हाला बघून.
त्यांना आवडलं. माझा हात हातात घेतला. बोटं ह्यांचीच आहेत, रंगाची नखांत बसलेली निळी रेघ अजून आहे. तीच बघत बसले.

साडेतीन

स्वयंपाकघरात बसून लिहितेय. ते बाहेरच्या खोलीत, टेबलाशी. सगळी घड्याळं जोडून झाली. सगळी एकदम चालतायत. इथपर्यंत ऐकू येतं —

मोठ्या बाईंचा फोन तीनदा येऊन गेला. उचलला नाही. त्या त्या खोलीत बसल्या असतील, रविवारी, ती फाइल उघडून. माझ्या होकाराची वाट बघत. हो म्हटलं तर त्या —

नको.

पावणेचार

हाक मारली. ओ दिली. म्हणाले, ये ना बाहेर. म्हटलं, आलेच.

आवाज गोड होता. भीती वाटत नाहीये तेवढी. झोप येतेय —

चारला पाच कमी

दारात उभे आहेत. रागात नाहीत. विचारलं, काय लिहितेस. म्हटलं, हिशेब, असंच. हसले. समोर बसले. हात टेबलावर, माझ्या वहीच्या जवळ —

बघतायत माझ्याकडे. नीट. डावा डोळा बारीक करून —

विचारलं, साळू, बाळ कुठंय?

बाळाचं कुठेच लिहिलेलं नव्हतं. एकाही ओळीत —

म्हटलं, झोपलंय.

मान हलवतायत. हळू. म्हणाले, झोपलंय कसं. तूच तर त्याला —